बाजारपेठेतील पार्किंग : आधी मोजणी, मग यंत्रे

खानदेशातील एका नगरपरिषदेच्या अभियंत्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : गावाच्या मुख्य बाजारपेठेत वाहने उभी करायला जागा उरलेली नाही, व्यापारी बहुमजली वाहनतळाची मागणी करीत आहेत, एका कंपनीने रस्त्यात सेन्सर बसवून मोबाइल ॲप देण्याचा प्रस्ताव ठेवला आहे आणि मुख्याधिकाऱ्यांना ‘डेटावर आधारित’ उपाय हवा आहे, तर हा डेटा नेमका कोणता, तो किती दिवस गोळा करावा, शुल्क लावावे की नाही आणि ठेका द्यायचा झाल्यास कोणत्या अटींवर द्यावा?

माझे मत आधीच सांगून टाकतो. आपल्या आकाराच्या गावात सेन्सरची खरेदी ही सुरुवात होऊ शकत नाही, आणि बहुमजली वाहनतळ तर त्याहून पुढचा विषय आहे. पहिली गरज आहे ती चार-पाच प्रशिक्षित मुले, छापील तक्ते किंवा साधे मोबाइल आणि नीट आखलेली मोजणी यांची. त्या मोजणीतून हाती येणाऱ्या आकड्यांत सर्वांत मोलाचा आकडा ‘किती गाड्या उभ्या होत्या’ हा नसून ‘एक गाडी किती वेळ उभी होती’ हा आहे. पार्किंगच्या चर्चेत बहुतेक सगळे जण गाड्यांच्या संख्येवर बोलतात आणि थांबण्याच्या कालावधीकडे दुर्लक्ष करतात. त्यामुळे उपायही जागा वाढवण्याचेच सुचतात.

हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, रस्त्याच्या एका बाजूस ६० दुचाकींची जागा आहे. त्यांपैकी ४० जागा सकाळी दहा वाजता दुकानदार, त्यांचे नोकर आणि वरच्या मजल्यावरील कार्यालयांतील कर्मचारी यांच्या गाड्यांनी भरतात आणि त्या रात्री नऊपर्यंत हलत नाहीत. गिऱ्हाइकांसाठी २० जागा उरतात. सरासरी गिऱ्हाईक ४० मिनिटे थांबत असेल, तर त्या २० जागा तासाला जास्तीत जास्त ३० गिऱ्हाइकांच्या कामी येतात. दिवसभर थांबणाऱ्या ४० गाड्यांपैकी ३० गाड्या दोन-अडीचशे मीटरवरील एखाद्या मोकळ्या मैदानात गेल्या, तर गिऱ्हाइकांना ५० जागा मिळतात आणि तासाला ७५ गिऱ्हाइके गाडी लावू शकतात. म्हणजे एक वीटही न रचता बाजाराची क्षमता अडीचपट झाली. बहुमजली इमारत बांधून हेच साधायचे तर किती कोटी लागतील, याचा अंदाज आपण अभियंता असल्याने आपल्यालाच अधिक चांगला असेल. शिवाय अर्ध्या तासाच्या खरेदीसाठी गिऱ्हाईक दुचाकी घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढत नाही, हा अनुभव मोठ्या शहरांनीही घेतलेला आहे.

हा प्रश्न नवा नाही आणि केवळ आपला तर मुळीच नाही. जगातील पहिले पार्किंग मीटर १९३५ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथे बसले, ते याच कारणाने. तेथील मध्यवर्ती भागातील कर्मचारी सकाळी दुकानांसमोर मोटारी लावून दिवसभर निघून जात आणि खरेदीला आलेल्यांना जागा मिळत नसे. तेथील वृत्तपत्राचे संपादक कार्ल मॅगी यांनी व्यापाऱ्यांच्याच संस्थेच्या वतीने यावर तोड शोधली आणि तासाला पाच सेंट घेणारे यंत्र उभे राहिले. महसूल गोळा करण्याचे साधन म्हणून आज आपण ज्याकडे पाहतो, ते मुळात गाड्या हलत्या राहाव्यात यासाठी निघाले होते, ही गोष्ट आपल्या सर्वसाधारण सभेत शुल्काचा विषय येईल तेव्हा सांगण्यासारखी आहे.

आता प्रत्यक्ष मोजणीविषयी. प्रथम जागेची यादी करावी लागते. बाजारपेठेचा नकाशा घेऊन प्रत्येक रस्त्याचे दोन चौकांमधील तुकडे पाडावेत, प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्यावा आणि दोन्ही बाजू स्वतंत्र धराव्यात. धुळ्यात हे काम सोपे जाते, कारण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश अधिकारी कॅप्टन ब्रिग्ज यांच्या काळात आखलेल्या पेठेतील गल्ल्या सरळ आहेत आणि लोक आजही त्या क्रमांकानेच ओळखतात. वळणावळणाच्या जुन्या गल्ल्या असलेल्या गावांत मात्र तुकडे पाडताना दुकानांच्या पाट्या, विजेचे खांब अशा न हलणाऱ्या खुणा लिहून ठेवाव्यात, नाहीतर दुसऱ्या दिवशी दुसरा मुलगा वेगळ्याच ठिकाणापासून मोजू लागतो. प्रत्येक तुकड्याची लांबी टेपने मोजावी. त्यातून चौकाजवळचा भाग, विजेची डीपी, दवाखान्याचे प्रवेशद्वार, रिक्षा थांबा आणि कायमच्या लोटगाड्या वजा कराव्यात. जे उरेल ती खरी उपलब्ध जागा.

नियमांच्या कागदांत चारचाकीला अडीच मीटर बाय पाच मीटर आणि दुचाकीला एक मीटर बाय दोन मीटर अशी मापे धरतात. बाजारातील दुचाकी मात्र रस्त्याला काटकोनात, हँडलला हँडल लागेल अशी उभी राहते आणि तिला जेमतेम पाऊण मीटर पुरतो. उलट, रस्त्याला समांतर उभ्या केलेल्या एका मोटारीला पुढे-मागे धरून सहा मीटर लागतात, म्हणजे तेवढ्यात आठ दुचाकी मावतात. हे प्रमाण आपल्या गावात टेप लावून ठरवून घ्यावे, कारण एका मोटारीला मुभा देणे म्हणजे किती दुचाकींना नकार देणे हे पुढे प्रत्येक निर्णयात लागणार आहे.

मोजणीची सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे ठरावीक अंतराने फेरी मारून प्रत्येक वाहनाच्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक लिहिणे. सकाळी आठला, दुकाने उघडण्याआधी, पहिली फेरी आणि रात्री नऊला शेवटची. आधीच्या फेरीतला अंक पुढच्या फेरीत त्याच तुकड्यात दिसला की ती गाडी तेवढा वेळ थांबली असे धरायचे. यात एक खोच आहे, तिच्याकडे सल्लागारांचे अहवालही काणाडोळा करतात, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो.

फेरी दर अर्ध्या तासाने होत असेल आणि एखादी गाडी फक्त दहा मिनिटे थांबली असेल, तर ती आपल्या नजरेस पडण्याची शक्यता तीनांत एक एवढीच असते. शंभर गाड्या दहा-दहा मिनिटे थांबून गेल्या, तर त्यांपैकी साधारण ३३ आपल्या तक्त्यात येतील आणि आपण प्रत्येकीला अर्धा तास धरू. गंमत अशी की व्यापलेल्या वेळेची एकूण बेरीज जवळजवळ बरोबर येते, कारण प्रत्यक्षात १,००० मिनिटे व्यापली गेली आणि आपण ९९० धरली. जागा किती भरलेली होती हा आकडा म्हणूनच विश्वासार्ह राहतो. मात्र गाड्यांची संख्या तिपटीने कमी आणि थांबण्याची सरासरी तिपटीने जास्त दिसते. मेडिकल, दूध, झेरॉक्स, मिठाई, एटीएम अशा ठिकाणी हीच दहा मिनिटांची गिऱ्हाइके बहुसंख्य असतात. अर्ध्या तासाच्या फेरीवर विसंबून ‘आमच्याकडे लोक सरासरी पाऊण तास थांबतात’ असा निष्कर्ष काढून त्यावर शुल्काचे टप्पे बांधले, तर ते टप्पे चुकीच्या माणसावर पडतात. यासाठी संपूर्ण बाजारात अर्ध्या तासाची फेरी ठेवावी आणि दोन-तीन निवडक तुकड्यांत दुपारी बारा ते एक व सायंकाळी सहा ते आठ या वेळेत एक मुलगा एका जागी बसवून येणारी-जाणारी प्रत्येक गाडी वेळेसह लिहून घ्यावी. त्या तुकड्यांवरून बाकीच्या आकड्यांची दुरुस्ती करता येते.

तक्त्यात अंकांबरोबर वाहनाचा प्रकार, ते पहिल्या ओळीत आहे की दुसऱ्या, आणि सावलीत आहे की उन्हात, एवढे तीन रकाने असावेत. याहून अधिक रकाने ठेवले तर मुले दुपारनंतर कंटाळून मनाने भरू लागतात. तक्ता खरा आहे की घरी बसून भरला आहे, हे ओळखण्याची एक साधी खूण आहे : खऱ्या मोजणीत खाडाखोड असते, एखाद्या गाडीच्या क्रमांकाची पाटी तुटलेली असते, एखादीवर अंकांऐवजी भलतेच काही रंगवलेले असते. सगळे चार अंक स्वच्छ आणि सगळ्या फेऱ्या नेमक्या वेळेवर असतील, तर पर्यवेक्षकाने त्याच मुलाबरोबर एक फेरी स्वतः मारावी.

किती दिवस मोजावे, या आपल्या प्रश्नाचे उत्तर दिवसांच्या संख्येपेक्षा दिवसांच्या निवडीत आहे. आठवडे बाजार नसलेला एक साधा दिवस, आठवडे बाजाराचा एक दिवस आणि लग्नसराईतील दाट तिथीच्या आधीचा एक दिवस, असे तीन वेगवेगळ्या स्वभावाचे दिवस नीट मोजले तर ते पंधरा सारख्याच दिवसांपेक्षा अधिक सांगतात. आपल्याकडील बाजाराची लय शेतीच्या पैशावर चालते, हे पुण्या-मुंबईच्या सल्लागाराला सांगावे लागते. कापसाचा पैसा हाती आला की दसरा-दिवाळीच्या सुमारास खेड्यांतील मंडळी कापड आणि सोने घ्यायला येतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकींमुळे बाजार फुलतो. आणि लग्नसराईत एकेक कुटुंब चारचाकी भाड्याने घेऊन येते व बस्त्यासाठी कापडाच्या दुकानात तीन-चार तास बसते. ही चार तासांची मोटार आणि औषधाची पट्टी घ्यायला आलेली पाच मिनिटांची दुचाकी एकाच सरासरीत घातली की दोघांविषयीही काही कळत नाही. अमळनेरला मंगळग्रह मंदिरामुळे मंगळवार वेगळा असतो, सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा असते, जळगावला कार्तिकी एकादशीचा रथोत्सव असतो. असे दिवस नेहमीच्या मोजणीत धरू नयेत. त्यांचे नियोजन स्वतंत्र असते आणि त्यांच्यासाठी कायमची बांधकामे करू नयेत.

हवामान हा घटक परदेशी पुस्तकांत फारसा सापडत नाही, पण येथे तो निर्णायक आहे. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत सहज जातो. त्या दिवसांत बाजार सकाळी बारापर्यंत आणि मग थेट सायंकाळी पाचनंतर भरतो, आणि लोक जागा निवडतात ती अंतर पाहून नव्हे, सावली पाहून. तक्त्यातील सावली-ऊन हा रकाना त्यासाठीच आहे. शंभर मीटरवरचे उघडे मैदान रिकामे पडलेले असते आणि अडीचशे मीटरवरील निंबाखाली गाड्यांची दाटी असते, हे आकड्यांत दिसले की उपायही दिसतो : त्या मैदानावर पत्र्याची किंवा हिरव्या जाळीची सावली आणि तेथून बाजारापर्यंतच्या पायवाटेवर झाडे. उन्हात तापलेल्या सीटवर बसणे किती कठीण असते हे ज्यांनी भोगले आहे, त्यांना हा खर्च समजावून सांगावा लागत नाही.

मोजणी झाल्यावर आकडे वाचताना पहिली काळजी ही घ्यावी की संपूर्ण बाजाराची आणि संपूर्ण दिवसाची एकच सरासरी काढू नये. सरासरी ६० टक्के जागा भरलेली दिसते आणि तरीही साडेअकरा ते एक या वेळेत सराफ बाजारासमोर दुसरी ओळ लागलेली असते. प्रत्येक तुकड्यासाठी प्रत्येक तासाचा भरणा, म्हणजे उपलब्ध जागेपैकी किती टक्के जागा भरलेली होती ते, स्वतंत्र मांडावा आणि तो नकाशावर रंगांनी दाखवावा. साध्या संगणकीय तक्त्यातही हे होते. दुचाकींच्या बाबतीत भरणा शंभर टक्क्यांच्या वर जातो, तो चुकीचा समजून काटू नये. शंभराच्या वरचा प्रत्येक टक्का म्हणजे वाहत्या रस्त्यात उभी राहिलेली गाडी असते आणि कोंडी तीच करते.

अमेरिकेतील प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी रस्त्याकडेच्या जागा सुमारे ८५ टक्के भरलेल्या असाव्यात असा निकष लोकप्रिय केला. म्हणजे सातांत एक जागा मोकळी राहते, आलेल्याला घिरट्या घालाव्या लागत नाहीत आणि जागा वायाही जात नाही. सॅन फ्रान्सिस्को शहराने २०११ मध्ये याच विचाराने मोठा प्रयोग केला. सेन्सरच्या नोंदी पाहून प्रत्येक रस्त्याचे आणि वेळेचे दर वेगळे ठरवले जात. भरणा ८० टक्क्यांच्या वर गेला की तासाचा दर २५ सेंटने वाढे, ६० टक्क्यांच्या खाली आला की तेवढाच कमी होई, आणि ३० टक्क्यांच्याही खाली असेल तर ५० सेंटने उतरे. त्यातून अनेक ठिकाणचे दर उतरलेसुद्धा, हे आपल्या व्यापाऱ्यांना सांगण्यासारखे आहे. त्या प्रयोगातून घेण्यासारखा धडा सेन्सरचा नाही. आधी निकष जाहीर करायचा, मग आकडे बघायचे आणि आकडे म्हणतील तसे दर वर किंवा खाली न्यायचे, हा आहे. आपल्याकडे हेच वर्षातून दोनदा, हाताने मोजून करता येते.

सेन्सरबद्दलचा माझा आक्षेप तत्त्वाचा नसून व्यवहाराचा आहे. रस्त्यात पुरायचा चुंबकीय सेन्सर एका आखलेल्या चौकटीत एक मोटार उभी आहे की नाही एवढे ओळखतो. आपल्या बाजारात दहा गाड्यांमागे आठ-नऊ दुचाकी असतील, त्या चौकटीत उभ्या राहत नाहीत आणि एका मोटारीच्या जागेत सात-आठ मावतात, तेथे सेन्सर ‘भरले’ म्हणेल तेव्हा एक दुचाकी उभी असेल की सात, हे त्याला सांगता येत नाही. त्यातच पाण्याच्या जलवाहिनीसाठी दर वर्षी रस्ता खोदला जातो. कॅमेऱ्यांचे तसे नाही. चौकात आधीच बसवलेल्या कॅमेऱ्यांच्या चित्रणावरून ठरावीक वेळेच्या गाड्या मोजता येतात, आणि पोलीस विभागाशी लेखी पत्रव्यवहार करून ते चित्रण केवळ मोजणीपुरते मिळाले, तर वर्षभराचा कल समजायला त्याचा चांगला उपयोग होतो. बंदिस्त वाहनतळावर, जेथे येण्याचा आणि जाण्याचा एकच रस्ता असतो, तेथे मात्र यंत्रावर जरूर खर्च करावा. तेथे येणारी-जाणारी गाडी मोजणे सोपे आणि अचूक असते.

काही माहिती आयती उपलब्ध असते आणि तिचा मोह होतो. ई-चलनांची आकडेवारी त्यांपैकी एक. कोणत्या रस्त्यावर किती चलने झाली याचा नकाशा काढला की तो बेशिस्तीचा नकाशा वाटतो. वास्तविक तो वाहतूक पोलीस कोठे आणि केव्हा उभे होते याचा नकाशा असतो. ठेकेदाराच्या पावत्यांचेही तसेच. पावती फाटते ती त्याचा माणूस जेथे उभा असतो तेथे आणि तो जेवायला गेलेला नसतो तेव्हा. या दोन्ही नोंदी टाकून देऊ नयेत, पण त्या आपल्या प्रत्यक्ष मोजणीशेजारी ठेवून वाचाव्यात. एखाद्या दिवशी आपल्या फेऱ्यांत दिसलेली वाहने आणि त्याच दिवशी फाटलेल्या पावत्या यांतील तफावत हा स्वतःच एक उपयुक्त आकडा आहे आणि ठेक्याची पुढची बोली ठरवताना त्याहून चांगला आधार मिळत नाही.

तिसरी आयती माहिती आपल्याच कार्यालयात धूळ खात पडलेली असते : व्यापारी संकुलांचे मंजूर बांधकाम नकाशे. त्यांत तळघर किंवा तळमजला पार्किंगसाठी दाखवलेला असतो आणि जागेवर गेल्यास तेथे गोदाम, जिना बंद करून काढलेले दुकान किंवा जनरेटर आढळतो. बाजारपेठेतील प्रत्येक संकुलासाठी मंजूर पार्किंग किती आणि प्रत्यक्ष खुले किती, असा दोन रकान्यांचा तक्ता करावा. तो कोणावर बोट दाखवण्यासाठी नाही. रस्त्यावर जी तूट दिसते तिच्यातील किती भाग मुळात खासगी जागेतून रस्त्यावर ढकलला गेला आहे, हे कळल्याशिवाय सार्वजनिक पैशातून वाहनतळ बांधण्याचा ठराव करणे योग्य होणार नाही. जळगावच्या फुले मार्केट, गोलाणी मार्केट अशा मध्यवर्ती व्यापारी भागांपासून तालुक्याच्या गावातील दहा गाळ्यांच्या संकुलापर्यंत हा तक्ता सगळीकडे लागू पडतो. इतर कोणत्याही आकड्यापेक्षा यावर सभागृहात जास्त आवाज चढतात, याचीही तयारी ठेवावी.

मालवाहतुकीची मोजणी बहुतेक जण विसरतात. छोटा हत्ती किंवा लोडिंग रिक्षा दुकानासमोर उभी राहते, हमाल माल उतरवतात, वीस मिनिटे रस्ता अडतो आणि दोन्ही बाजूंच्या पार्किंगवर खापर फुटते. मालगाड्यांच्या वेळा वेगळ्या लिहून घेतल्या की बहुधा असे दिसते की सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी दोन ते चार या सुस्त वेळेत माल उतरवण्याचे बंधन घातले तरी पुष्कळ मोकळीक मिळते. लोटगाड्यांविषयी सावधपणे बोलावे लागते. त्या रस्त्याची कड व्यापतात हे खरे असले तरी पथविक्रेता कायदा २०१४ नुसार त्यांचे हक्क आहेत आणि जागांचा विचार नगर पथविक्रेता समितीतच व्हायला हवा. पार्किंगचा आराखडा हे त्यांना हुसकण्याचे निमित्त होऊ देऊ नये. केळीची लोटगाडी जेवढ्या जागेत दिवसभरात शेकडो गिऱ्हाइके करते, तेवढ्या जागेत दिवसभर उभी असलेली मोटार एकही करीत नाही.

आकडे हाती आले की व्यापारी मंडळासमोर ते कोणत्या क्रमाने मांडावेत, यालाही महत्त्व आहे. अशा बैठकांत सुरुवात ठरलेली असते. कोणीतरी ज्येष्ठ दुकानदार म्हणतात, “भाऊ, गिऱ्हाइकले गाडी लावाले जागाच नही.” ते खोटे बोलत नसतात. अशा वेळी मी त्यांच्या गल्लीचा एकच तक्ता पडद्यावर दाखवतो, ज्यात सकाळी दहाच्या फेरीत लिहिलेले चार अंक दुपारी एकला, चारला आणि रात्री आठलाही तसेच दिसतात. दुकानाचे नाव नसते, पूर्ण क्रमांक नसतो. थोडा वेळ कुजबुज होते, मग मागच्या रांगेतून कोणीतरी हसत म्हणतो की तिसरी गाडी माझीच आहे. तेथून पुढची चर्चा नगरपरिषदेने काय करावे यावरून ‘आपल्या नोकरांच्या गाड्या कोठे लावायच्या’ यावर येते, आणि ती चर्चा सोडवता येण्यासारखी असते.

उपायांचा क्रम माझ्या मते असा ठेवावा. दिवसभर थांबणाऱ्यांसाठी दोनशे-तीनशे मीटरच्या आत सावलीची, राखणदार असलेली जागा आणि अल्प दराचा मासिक पास; त्यानंतर बाजारातील तुकड्यांवर पट्टे मारून दुचाकी, चारचाकी, रिक्षा, दिव्यांग आणि मालवाहतूक यांच्या जागा वेगळ्या करणे; आणि मग वेळमर्यादा किंवा शुल्क. पहिली पायरी वगळून थेट शुल्कावर गेल्यास नोकरमंडळींच्या गाड्या शेजारच्या रहिवासी गल्लीत शिरतात आणि तेथील लोकांचा रोष ओढवतो. शुल्क लावायचेच तर दुचाकीला पहिला अर्धा तास विनामूल्य ठेवावा आणि पुढे प्रत्येक तासाला दर चढता असावा. दिवसभराचा एकच सपाट दर हा सर्वांत वाईट, कारण तो लवकर येऊन उशिरा जाणाऱ्यालाच बक्षीस देतो. सम-विषम तारखेची पद्धत अरुंद गल्लीत दुकानदारांतील भांडणे मिटवते. तिच्यामुळे जागा वाढत नाही, हे लक्षात असू द्यावे.

यांतील कोणताही बदल करताना कायदेशीर आधार आधी घ्यावा. वाहने उभी करण्याच्या जागा निश्चित करण्याचा अधिकार मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११७ मध्ये आहे आणि तो स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून वापरायचा असतो. नगरपरिषदेचा ठराव आणि पोलिसांची अधिसूचना या दोन्हींचा मजकूर, अगदी तुकड्यांच्या क्रमांकांसह, एकमेकांशी जुळला पाहिजे. तो जुळला नाही तर पट्टे एक सांगतात आणि चलन दुसरेच.

बदल लागू झाल्यावर पुन्हा मोजणी करावी, आणि ती पहिल्या मोजणीशी तुलना होईल अशीच. मे महिन्यातील दुपार ऑक्टोबरमधील दुपारशी ताडून ‘कोंडी कमी झाली’ असे म्हणता येत नाही. जेथे काहीच बदल केला नाही असा एक रस्ता मुद्दाम दोन्ही वेळा मोजावा. तेथेही गाड्या कमी झाल्या असतील, तर श्रेय आपल्या योजनेचे नसून मंदावलेल्या बाजाराचे आहे. शेजारच्या गल्ल्याही मोजाव्यात, म्हणजे गर्दी सुटली की फक्त सरकली हे कळते.

वाहन क्रमांकाविषयी एक खबरदारी. शेवटचे चार अंकच लिहावेत, जुळणी झाल्यावर ते तक्ते नष्ट करावेत आणि जपून ठेवायची ती फक्त तुकड्याची व तासाची बेरीज. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आल्यानंतर पूर्ण क्रमांकांची यादी, तीही वेळेसह, कार्यालयीन संगणकावर पडून राहणे बरे नाही. कोणाची गाडी रोज कोणत्या दवाखान्यासमोर किती वेळ असते, हे त्या यादीतून कोणालाही काढता येते.

शेवटी ठेक्याविषयी. आपल्याकडील रूढ पद्धतीत ठेकेदार वर्षाची ठोक रक्कम भरतो आणि पावत्यांचा हिशेब स्वतःकडे ठेवतो. परिणामी पुढच्या निविदेच्या वेळी नगरपरिषदेला आपल्याच रस्त्याविषयी त्याच्यापेक्षा कमी माहिती असते. निविदेत अट घालावी की प्रत्येक पावती हातातील यंत्रावरच निघेल, तिच्यावर तुकड्याचा क्रमांक, वाहनाचा प्रकार, येण्याची व जाण्याची वेळ असेल, पैसे यूपीआयने स्वीकारण्याची सोय असेल, ही सर्व नोंद नगरपरिषदेच्या मालकीची असेल आणि ती दर महिन्याला कोणत्याही संगणकीय तक्त्यात उघडेल अशा स्वरूपात सुपूर्द केली जाईल. ‘आमच्या ॲपमध्ये बघा’ हे उत्तर चालणार नाही, असे स्पष्ट लिहावे, कारण ठेका संपला की ॲप बंद होते. महिन्यातून एका अघोषित दिवशी नगरपरिषदेची माणसे फेरी मारतील आणि त्या दिवशीच्या पावत्या व मोजणी यांत ठरावीक मर्यादेपलीकडे फरक आढळल्यास दंड आकारला जाईल, अशी अटही हवी. ती मर्यादा आकड्यात लिहावी. पहिला ठेका एका वर्षापेक्षा अधिक मुदतीचा देऊ नये आणि त्यात दर बदलण्याचा अधिकार नगरपरिषदेकडे राखून ठेवावा. सेन्सरवाल्या कंपनीला नकार देण्याआधी, याच अटींवर फक्त आपल्या बसस्थानकाजवळच्या बंदिस्त जागेपुरते काम करण्याची तयारी आहे का, असे लेखी विचारून पाहावे.